तागाचं पाणी

"ज्या गावात बायका पाण्यात आणि पुरुष काठावर, तिथं पोरगी देऊ नये," असं माझी आत्या म्हणाली होती. लग्न ठरलं होतं. ती भाजी निवडत होती आणि मी आरशासमोर केस विंचरत होते.

"आत्या, मला पोहता येतं," मी म्हटलं.

घरातले सगळे हसले. आत्या हसली नाही. "पोहायचं नसतं गं तिथं," ती म्हणाली. "उभं राहायचं असतं."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते. ताग मला पुस्तकातून माहीत होता. खोडाच्या सालीत धागे असतात, खोड पाण्यात कुजवलं की साल सुटते, धागे मोकळे होतात. दोन ओळींचं प्रकरण, परीक्षेत कधी आलंसुद्धा नाही. लग्न होऊन आले आणि पहिल्याच हंगामात कळलं, की त्या दोन ओळींच्या मधे एक बाई कमरेपर्यंत पाण्यात उभी असते.

तळं गावाच्या खालच्या अंगाला होतं. प्रत्येक घराचा कोपरा ठरलेला, बांबू रोवून आखलेला. कापलेल्या तागाच्या पेंढ्या त्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे आणि कुजायची वाट बघायची. कुजला की बायका उतरायच्या. अंगात काळा पायघोळ अंगरखा, जळवा शिरू नयेत म्हणून मनगटाशी आणि घोट्याशी सुतळीनं आवळलेला. तोंडाला फडकं, नुसते डोळे उघडे. एकेक काडी मोडायची, साल धरून सर्रकन ओढायची, सुटलेला धागा म्हणजे वाख, तो पाण्यात आपटून धुवायचा, काठावर फेकायचा. काठावरून पुरुष तो उचलून नेणार, दोऱ्यांवर वाळवणार, गाठी बांधणार, व्यापाऱ्याशी बोलणार. वास असा की पहिल्या दिवशी मला तीनदा ओकारी आली. चौथ्यांदा आली तेव्हा पोटात काही उरलंच नव्हतं.

पुरुषाच्या गुडघ्यात तागाचं पाणी शिरलं की तो कायमचा बसतो, असं सगळे सांगत. बायकांच्या गुडघ्यांबद्दल कुणी काही सांगत नसे.

आमच्या घराला गावात 'बेडकाचं घर' म्हणत. त्याचं कारण माझे सासरे. सासूबाई थोरल्याच्या वेळी अडल्या होत्या, ताग सडत होता, म्हणून सासरे एक दिवस स्वतः तळ्यात उतरले. एकच दिवस. त्यानंतर ते जन्मभर बेडूक झाले. त्यांची पोरं शाळेत गेली तर वर्गात डरांव-डरांव. ते वारले तेव्हासुद्धा निरोप असाच फिरला, की बेडूक गेला. ज्या दिवशी ते पाण्यात होते त्या दिवशी जन्मलेला मुलगा म्हणजे माझे थोरले दीर, भाऊजी.

भाऊजी वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. हंगामात जाऊबाई घरी आल्या की ते स्वतः पाणी तापवून द्यायचे. त्यांच्या पायाच्या भेगांत मेण भरायचे. मात्र दार लावून.

जाऊबाई कमी बोलायच्या. बोलल्या की ऐकणाऱ्याला आधी कळायचं नाही, मग हसू यायचं. मला साल ओढायला त्यांनीच शिकवलं. "नखानं नको, अंगठ्याच्या पोटानं धर. तागाला कॉलेज कळत नाही, धाकटे." त्यांच्या पायांची नखं काळी पडली होती, ती बारा महिने तशीच राहायची. त्यांना मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते, दोनदा राहिलं नाही. दोन्ही वेळा तागाचेच दिवस होते. मी मनात जुळवून पाहिलं होतं. बोलले नव्हते, पण दवाखान्यातल्या नर्सबाई बोलल्या.

त्या वर्षी माझी लेक चिमणी रांगायला लागली होती. आणि जाऊबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पाचवा संपत आला होता. एवढं पूर्वी कधी टिकलं नव्हतं. नर्सबाई घरी येऊन तपासून गेल्या आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "पाण्यात उभं राहायचं नाही. वाकायचं नाही. या वेळी ऐकलं नाहीस ना, तर मला बोलवू नकोस. तिसऱ्यांदा तेच बघायला मी येणार नाही."

आणि त्याच वर्षी तळं अर्ध्यावर आटलं. कडेला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली, तिच्यावर मेलेले मासे. उरलेलं पाणी उन्हानं कोमट झालं आणि ताग भराभर कुजायला लागला. भाऊजींनी काठावरूनच एक काडी ओढून मोडून पाहिली. ती मोडली नाही, वाकली.

"लागलीच सोलायला घ्यायला हवा," ते म्हणाले. "नाहीतर लगदा होईल. गेलं मग वर्ष."

त्या संध्याकाळी जेवताना जाऊबाई म्हणाल्या, "मी उतरणार नाही."

आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींचा घास हातातच राहिला.

"मी कुठं म्हणतोय उतर म्हणून?"

"म्हणाला नाहीत. बघताय."

"धाकटी एकटी किती ओढणार?"

"तेच विचारतेय. किती ओढणार?"

माझा नवरा खाली मान घालून पाणी प्यायला. मग म्हणाला, "दादा, मी उतरतो. काय व्हायचं ते होऊ दे."

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. "उतर ना," ते म्हणाले. "मी अडवणारा कोण? शाळेत तुझ्या दप्तरात बेडूक कोण घालायचं ते विसरलास. मी तो काढून टाकायचो, म्हणून विसरलास. आता तुझ्या पोरीच्या दप्तरात घालतील. तो कोण काढेल बघ."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चिमणीला थोपटत होते. तो ताटावरून उठला.

म्हणून मी उतरले. एकटी. चिमणी काठापलीकडे वाळवणीच्या दोऱ्यांपाशी, टोपलीत, नवऱ्याच्या नजरेखाली. पहिल्या दिवशी दुपारी मी तिला पाजायला गेले. अंग पुसलं होतं, साबण लावला होता. ती हात पसरून आली, तोंड जवळ आणलं आणि तिनं नाक मुरडलं. मग मान फिरवली. मी पुन्हा जवळ घेतलं. ती किंचाळली. माझ्या अंगाला तळ्याचा वास येत होता, आणि तो तिच्यासाठी तिची आई नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी राखेनं घासलं. कातडी सोलवटली. तरी तेच. दूध दाटून छाती दगडासारखी झाली, ताप चढला. चिमणीनं चमच्यानं घेतलं थोडं, बाकी सगळं ओकून टाकलं. तिची टाळू खोल गेल्यासारखी मला वाटत होती. मी दर थोड्या वेळानं तिथं बोट ठेवून बघत होते. नवरा म्हणाला, "तू सारखं हात लावतेस म्हणून ती रडते." मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

जाऊबाई सगळं बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी चिमणीला माझ्याकडून घेतलं, पदराआड हलवत हलवत निजवलं आणि भाऊजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ही पोर जाईल हातची."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग तुम्ही बोला. उद्या पाण्यात कोण? मी, की ही तापातली?"

"अगं, पण…"

"लाज वाटते ना? मग माझा अंगरखा घाला." त्यांनी खुंटीवरचा काळा अंगरखा काढून त्यांच्या मांडीवर टाकला. वर तांबडं फडकं. अख्ख्या तळ्यात तांबडं फडकं त्यांचंच होतं. "तोंड तर सगळ्यांचं झाकलेलंच असतं. उंचीनं तुम्ही माझ्याएवढे. मिशी फडक्याखाली जाईल. बाईच्या कपड्यात पुरुषाला कोण बघतंय!"

हे त्या टोचायला म्हणाल्या होत्या. माझी खात्री आहे. पण भाऊजींनी अंगरखा मांडीवरून खाली टाकला नाही. त्यांनी त्याची बाही हातात धरली आणि उलटसुलट करून बघितली.

"पाण्यात कमरेपर्यंत असतं," ते हळूच म्हणाले. "पाय दिसत नाहीत."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्या हसल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

सकाळी उजाडायला लागताच त्यांनी भाऊजींना सजवलं. दुसरा शब्द नाही. सुतळ्या आवळल्या, फडकं बांधलं, भुवयांपर्यंत ओढलं. "असे ढांगा टाकत नका चालू. मी काय घोडा आहे? थोडं हळू. हं. आणि कुणी हाक मारली तर मान हलवायची, बोलायचं नाही."

"तू तरी कुठं बोलतेस," भाऊजी फडक्याआडून म्हणाले. नवरा-बायको दोघंही हसले. मी चिमणीला घेऊन दारात उभी होते आणि मला वाटलं, हे घर सुधारतंय.

मग दाराचा प्रश्न आला. समोरच्या घराच्या पायरीवर बोळकी बसायची. म्हातारीला एकही दात नव्हता, पण गावभर चावायची. बेडूक हे नाव सासऱ्यांना पहिल्यांदा तिनंच दिलं होतं. तळ्यात तांबडं फडकं आणि घरात जाऊबाई, असं तिला दोन्हीकडे दिसलं तर संपलंच. आणि आम्ही सगळे कामावर असताना दार आतून बंद असेल तर तेही तिच्या नजरेतून सुटणार नाही.

"बाहेरून कडी लावा," जाऊबाई म्हणाल्या. "मी आत पडून राहीन. मला तेवढंच सांगितलंय ना नर्सबाईंनी, पडून राहा."

"कडी नको," मी म्हटलं. "काही लागलं तर?"

"काय लागणार? तू दुपारी पोरीला पाजायला पाण्यातून वर येतेसच. उघडून बघत जा."

तसं ठरलं. मी निम्मा वेळ पाण्यात, निम्मा वेळ वाख वाहून न्यायला. नवरा विचारणाऱ्यांना सांगायचा, दादा गाठींच्या दोऱ्या आणायला गेलाय. "दोऱ्या आणायला गेलाय की वळायला बसलाय?" लोक चेष्टा करायचे. चिमणीचं मात्र जमलं. मी पाण्यात कमी राहायला लागले, वास ओसरला, तिनं तोंड लावलं. त्या दुपारी मी रडले, आणि ती पीत राहिली.

भाऊजी काम शिकले. त्यांची साल अर्ध्यात तुटायची. पहिल्या संध्याकाळी त्यांचे हात बघवत नव्हते, अंगठ्यांची पोटं फाटून आतलं लाल दिसत होतं. मांडीवर दोन जळवांचे डाग. जाऊबाई त्यांना मेण लावत होत्या.

"हे तू इतकी वर्षं…" ते म्हणाले.

जाऊबाईंनी वाट पाहिली. "बोट सरळ करा," त्या म्हणाल्या.

असे दिवस गेले. ताग संपत आला. शेवटची थोडी रास उरली होती. त्या सकाळी मी ओल्या वाखाचा भारा डोक्यावर घेऊन दोऱ्यांकडे गेले, आणि मी तिकडे असताना नर्सबाई तळ्यावरून गेल्या. मी परत आले तेव्हा त्यांची सायकल वळणावर दिसेनाशी होत होती. भाऊजी पाठमोरे, काडी हातात तशीच धरून उभे होते.

"नर्सबाई काय म्हणाल्या?" मी पाण्यात उतरून हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. त्यांचं नेहमीचंच."

त्या काय म्हणाल्या ते मला नंतर पलीकडच्या कोपऱ्यातल्या बाईनं सांगितलं. नर्सबाई खरं तर आमच्याच घरी निघाल्या होत्या, तपासायला. वाटेत तळ्यात तांबडं फडकं दिसलं. त्यांनी सायकल आडवी टाकली आणि काठावरून ओरडल्या, "अगं बाई, कशासाठी सांगत होते मी? बोल ना! तोंड दाखव!" तांबड्या फडक्यानं पाठ फिरवली. नर्सबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मर मग." आणि आमच्या घराकडचा रस्ता सोडून निघून गेल्या.

एक शब्द बोलायचा होता. भाऊजी बोलले असते तर आवाज पुरुषाचा आला असता, एवढंच.

दुपारी मी चिमणीकडे जाताना घराशी वळले. बोळकी पायरीवर होती.

"तुमच्या घरात मांजर शिरलंय गं," ती म्हणाली. "मघापासून कण्हतंय. मी विचारलं, कोण गं आत? तर गप्प झालं. मांजरच असणार."

मी कडी काढली. दार लोटलं तर लोटेना. आतून काहीतरी टेकलं होतं.

"जाऊबाई?"

"हळू," आतून आवाज आला. "लोटू नकोस. मी सरकते."

त्या सरकायला फार वेळ लागला. फटीतून मी आत गेले आणि दार मागे लावून घेतलं. जमीन ओली होती. त्या दाराला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून, आणि लुगड्याचा बोळा मांड्यांत धरला होता. बोळा काळा झाला होता. बाजूला जुन्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं, नीट, चारी टोकं दुमडून. ते केवढं होतं हे मी सांगणार नाही.

"सकाळीच कळ आली," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि लगेच."

"ओरडला का नाहीत? बोळकी समोर आहे!"

"ओरडले ना. दोनदा." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "ती म्हणाली, कोण गं आत. मग मी काय सांगणार? मी तर तळ्यात होते."

मी तळ्याकडे धावले. रस्त्यावरून ओरडता येत नव्हतं, काय म्हणून ओरडणार? पाण्याशी जाऊन वाकले आणि सांगितलं. भाऊजी चिखलातून वर आले. पडले, उठले. मला वाटलं तसेच धावतील. ते पाणकणसांच्या आड गेले. तिथं त्यांचा शर्ट लपवलेला होता. मी बाहेर उभी राहून सुतळ्यांच्या गाठी ऐकत होते. ओल्या सुतळीची गाठ पटकन सुटत नाही. त्यांनी दातांनी तोडल्या. मग शर्ट. मग गुंड्या, वरपासून खालपर्यंत सगळ्या. अंगरखा आणि फडकं पिळून, गुंडाळून काखेत घेतलं, आणि मग ते धावले.

नवरा सायकलवर नर्सबाईंच्या मागे गेला. भाऊजी घरात शिरले, त्या दिसल्या आणि ते भिंतीशी बसले. दोघं एकमेकांकडे बघत होती. मग जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, तो अंगरखा मला घाल."

"कशाला? ओला आहे. घाण आहे."

"म्हणूनच. सगळ्यांनी आत्ता मला पाण्यात पाहिलंय. कोरडी कशी असेन मी?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते नाही म्हणतील असं वाटलं. त्यांनी काखेतली गुंडाळी काढून माझ्या हातात दिली.

जाऊबाईंनी हात वर केले. मी तो कुबट, थंडगार कपडा त्यांच्या डोक्यावरून ओढला, हात एकेक करून बाहीत घातले. तांबडं फडकं त्यांनी स्वतः बांधलं.

नर्सबाई आल्या. आल्या म्हणजे आल्याच, येणार नाही म्हणून बजावलं असूनसुद्धा. त्यांनी अंगरखा पाहिला आणि त्यांचा चेहरा बंद झाला. हात भराभर काम करत होते आणि तोंड त्याहून भराभर. "सांगितलं होतं. घरी येऊन सांगितलं, काठावर ओरडून सांगितलं. पाठ फिरवलीस तू माझ्याकडे! फिरवलीस की नाही?"

"फिरवली," जाऊबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझा हात धरला होता, त्यांनी तो असा आवळला की त्यांच्या काळ्या नखांचे व्रण दोन दिवस राहिले.

त्या वाचल्या. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा ताग वाळून गाठी बांधून झाल्या होत्या. चांगला निघाला होता म्हणे, पिवळाधमक. आणि गावाचा निकालही लागला होता. तळ्यावर, पायरीवर, सगळीकडे एकच. हावरी बाई. ताग पाहिला, पोट नाही पाहिलं. बोळकी तर शपथेवर सांगायची, मी या डोळ्यांनी तिला सकाळी पाण्याकडे जाताना पाहिलं, कशी ठुमकत गेली. परत येताना पाहिलं का, हे तिला कुणी विचारलं नाही. बायका जाऊबाईंच्या हातात आपली लहान मुलं देईनाशा झाल्या. त्या रस्त्यानं गेल्या की कुणीतरी पोराला आत ओढायचं.

हे सगळं भाऊजींच्या कानावर होतं. एकदा व्यापारी घरी आला होता. त्यानं ऐकलं होतं, हळहळला. म्हणाला, "तुम्ही तरी थांबवायचं होतं वहिनींना."

भाऊजी गाठीवर हात फिरवत होते. "ती कुठं माझं ऐकते," ते म्हणाले.

जाऊबाई पाणी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तांब्या व्यापाऱ्याच्या पुढे ठेवला, पेला पुसून ठेवला आणि आत गेल्या.

त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही सांगा. तुम्ही भाऊ आहात. सांगा गावाला, पाण्यात कोण होतं ते."

"दादाचं घर मोडेल."

"कुठलं घर?"

"तुला कळत नाही. तू इथं वाढली नाहीस."

"मग आपल्या चिमणीनं वाढायचं इथं? आणि एक दिवस तिनं आत बसायचं कडी लावून?"

त्यानं चिमणीचं अंथरूण सारखं केलं. शेवटी एवढंच म्हणाला, "आपण जाऊ इथून." मला हवं होतं ते हे नव्हतं. पण जे मिळालं ते मी घेतलं.

निघायच्या आधी मी नर्सबाईंना गाठून सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता खाली बसल्या. मग उठल्या, तडक आमच्या घरी गेल्या आणि जाऊबाईंना विचारलं. भाऊजी तिथंच होते. जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाकटी बाळंतपणापासून जरा तशीच झालीये. काहीबाही दिसतं तिला. मीच होते पाण्यात."

भाऊजींनी मला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं, माझ्यासमोर. "धाकटीनं पुन्हा या उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

आता आम्ही शहरात असतो. नवरा गोदामात कामाला आहे, मी मुलांच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी माझे विद्यार्थी असतात तेव्हा तो चिमणीला बघतो, तिचे लंगोटही धुतो. चांगलं धुतो. आधी खिडकीचा पडदा ओढून घेतो आणि मग धुतो. कधी कधी पिळायला हात लावते, कधी तेवढाही लावत नाही.

परवा तो गावाकडचा निरोप घेऊन आला. आधी जेवला. मग म्हणाला, "वहिनींना दिवस गेलेत. चौथा चालू आहे म्हणे." मी विचारलं, "पाणी कसं आहे तळ्याला?" तो म्हणाला, "कमीच आहे. पेंढ्या बुडवल्यात." मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या." तो म्हणाला, "दादा काय म्हणेल?" आणि चिमणीला खेळवायला लागला. मी नर्सबाईंना निरोप धाडला. त्यांची बदली झाली आहे. नवीन बाईंना हे घर माहीत नाही.

मला त्या उंबऱ्यावर कुणी उभं करणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तागाचे दिवस आहेत, वास लांबून येतो, तळं चुकायचं नाही. तळ्यात तांबडं फडकं दिसलं तर ती बाई ठीक आहे, काम करते आहे, असं समजून पुढे जाऊ नका. बेडकाच्या घराकडे वर चढा. समोर म्हातारी बसलेली दिसेल, तिला काही विचारू नका. पाणी प्यायच्या निमित्तानं जा, वाट चुकलो म्हणा, काहीही म्हणा. दाराला बाहेरून कडी असेल. हाक मारलीत तर उत्तर येणार नाही. तरी परत फिरू नका, कडी काढा. आणि दार जोरात ढकलू नका, हळू लोटा. ती दाराला टेकून बसलेली असेल.